मोहाच्या दिवसांतल्या तारखा

धानोऱ्याच्या स्टँडवर गडचिरोलीची एस.टी. लागली, तेव्हा कंडक्टरने माझ्या पाठीवरच्या गिटारकडे बघून विचारलं, याचं अर्धं तिकीट काढायचं का? सगळी गाडी हसली, मीही हसलो. माय तेवढी हसली नाही. खिडकीखाली उभी राहून ती विचारत होती की पुण्यात मला काम कोण देणार. मी सांगितलं, एक मालक नसतो. आज कुणाच्या लग्नात, उद्या स्टुडिओत, परवा एखाद्या गायकाच्या मागे. तिने जरा विचार केला.

"मंजे मोहाच्या फुलावानीच," ती म्हणाली. "रोज पडते, रोज वेचाचं."

फ्रीलान्स या शब्दाचा इतका सोपा अर्थ पुढे मला कुणी सांगितला नाही.

त्याला बारा वर्षं झाली. आता तिकडची पोरंपोरी फोन करून विचारतात, भाऊ, गिटारवर पोट भरते का? भरतं, बाबांनो, पण नुसत्या बोटांनी नाही भरत. साउंड चेकच्या अर्धा तास आधी पोचा. तारांचा जादा संच आणि स्वतःची केबल पिशवीत ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण, गाणी किती, सगळं मेसेजवर लिहून मागा. न येणारं गाणं येतं म्हणू नका. मी शहाण्याने पहिल्याच वर्षी तसं म्हटलं होतं. दुसऱ्या ओळीला गायिकेने मागे वळून असं पाहिलं, की ते गाणं कुठे लागलं तर मी आजही रस्ता बदलतो.

आणि कमी वाजवा. हे मी पुण्यात शिकलो असं लोकांना वाटतं. पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलं की एक फूल पडतं, मग बराच वेळ काही नाही, मग लांब कुठेतरी दुसरं. उजाडायच्या आधी झाड दिसत नाही, नुसतं पडणं ऐकू येतं. गायकाच्या मागे बसलो की मी अजून तसाच ऐकत असतो आणि पुढचा सूर घाई न करता सोडतो. त्यासाठीच मला बोलावतात.

अडचण एवढीच, की मोह पडतो तेव्हाच लग्नसराई असते. या धंद्यात सराईत नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी फोन येत नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दर मार्चला माय फोन करायची, झाडाखालचा पाला झाडून राह्यली, येशीन का? मी म्हणायचो, तारखा लागल्यात. हळदीच्या मांडवात वाजवताना मला मधेच तो गोडूस, जड वास यायचा आणि मी एखादी ओळ विसरायचो.

आमच्याकडे जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावाला पाठ असतं. पण घरातलं कुणी वेचायला आलंच नाही, तर गाव काही वर्षं वाट बघतं आणि मग झाड दुसऱ्या घराचं होतं. आमची तीन झाडं होती. माय एकटी एकाखालीच बसू शकायची. उरलेली दोन आपल्या हातून जाणार, ही धास्ती मला दर एप्रिलला असायची, आणि दर एप्रिलला मी कुठल्या तरी मांडवात असायचो.

फोनवर मी तिला माझ्या कामाच्या गमती सांगायचो. एकदा सांगितलं, की दोन कार्यक्रम एकाच दिवशी आले तर एकीकडे बदली वादक पाठवावा लागतो. आपली जागा जाईल या भीतीने काही जण मुद्दाम कच्चा माणूस पाठवतात. तसं करू नये, आपल्याहून चांगला पाठवावा. ती नुसती हं म्हणाली होती.

गेल्या वर्षी मी एका मोठ्या दौऱ्यावर बदली माणूस दिला आणि घरी गेलो. पहाटे मायच्या मागोमाग जंगलात शिरलो. लांबच्या दोन झाडांखाली जमीन लख्ख झाडलेली होती. तिथे शेजारची सुनीतावहिनी बसून वेचत होती आणि तिची टोपली अर्धी भरलीही होती. मी मायकडे पाहिलं.

"तूच सांगत होता नं," ती हळूच म्हणाली, "आपल्याले जमत नसन त चांगला मानूस पाठवाचा. मी बी पाठवला. झाड रिकामं काऊन ठेवाचं?"

मला राग आला. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. सराईत परमुलुखात वाजवत बसणारा मी, मला बोलायला तोंड कुठे होतं? वहिनी सरकून म्हणाली, "बसा भाऊ, इकडून वेचा." मी बसलो. अकरा वर्षांनी बोटांना चिकट लागलं. उजेड हळूहळू खाली उतरत होता, फुलं पडत होती, आणि मी वेचून तिच्या टोपलीत टाकत होतो. मला रडू आलं. तिने पाहिलं असेल, टोपली तेवढी माझ्याजवळ सरकवली.

निघताना माय म्हणाली, पुढल्या साली येशीन त आधी तिले विचारजो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना वाटतं की घर आपली वाट बघत थांबलेलं असतं. मलाही वाटायचं. आता मला त्या झाडाखाली विचारून बसावं लागतं, आणि खरं सांगतो, विचारल्यापासून ते पहिल्यापेक्षा जवळचं वाटतं. या फेब्रुवारीत मी वहिनीला फोन लावला. मुलाखतीला आल्यासारखं काय बोलायचं ते आधी घोकून ठेवलं होतं. मी कधी येऊ, असं विचारलं. ती म्हणाली, "या भाऊ. पन तीन दिवस पूरे बसा लागन."

त्या तीन दिवसांत पुण्यात माझ्या जागी दुसरा कुणीतरी वाजवेल.