पहिल्या सॅल्यूटचा डॉलर

हार्लन प्रुइट सार्जंट म्हणून निवृत्त झाला, पण घासूनपुसून लख्ख करायची खोड काही निवृत्त झाली नाही. बूट, बक्कल, दाराची कडी, काही म्हणता काही सुटायचं नाही. अख्ख्या लॉटन गावात असा माणूस दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या दिवशी त्याची नात टेसा लेफ्टनंट होणार होती. अमेरिकेच्या सैन्यात रीतच आहे, नवा अधिकारी आपल्याला पहिला सॅल्यूट ठोकणाऱ्या सार्जंटच्या हातात चांदीचा डॉलर ठेवतो. हार्लनला असे डॉलर पुष्कळ मिळाले, राहिला एकही नाही. आईबापाविना वाढवलेल्या टेसाचे बूट, दातांच्या तारा, कॉलेज. त्यांच्यापायी एकेक करून सगळे डॉलर व्हर्ननच्या नाण्यांच्या दुकानात गेले. पण टेसाचा पहिला सॅल्यूट दुसऱ्याला द्यायला हार्लन खुळा होता काय!

सकाळी टेसा डॉलर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून गणवेशाला इस्त्री करायला गेली. १९२८ सालचा. एका अंगाला किरणांचा मुकुट घातलेली, भुरभुरत्या केसांची स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या अंगाला खडकावर बसलेला गरुड. पण रंग काळपट, कडेला निळसर.

"असला कळकट डॉलर देणार माझी नात?" हार्लनने पितळ घासायचं पॉलिश काढलं आणि गरुडाचं पीस न् पीस चमकेपर्यंत घासलं.

दोघांना समारंभाला न्यायला आलेल्या व्हर्ननने कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, काय केलंस! त्या साली हे नाणं मोजकंच पाडलं होतं. त्या जुन्या रंगाचेच तर पैसे होते! पोरीने सुट्टीत राबून माझ्याकडे हप्ते भरले. घासलेलं नाणं कुणी शौकीन घेत नाही. आता उरली नुसती चांदी, वजनावर विकायची."

हार्लनचं तोंड उतरलं. जन्मात पहिल्यांदा त्याला पॉलिशच्या डबीची लाज वाटली. दारात टेसा उभी होती.

"पोरी, चुकलो मी. सॅल्यूट दुसऱ्या कुणाला..."

"गप्प बसा हो आजोबा! चला, उशीर होतोय."

मैदानावर हार्लनने असा कडक सॅल्यूट ठोकला की शेजारचे जवान ताठ झाले. टेसाने उलट सॅल्यूट केला आणि डॉलर त्याच्या तळहातावर दाबला.

"हा तरी विकू नका म्हणून सांगणार होते. आता घेणार कोण?"

"चांदीचा भाव देईल की व्हर्नन," हार्लन पुटपुटला.

"माझा पहिला हुकूम आहे, सार्जंट. विकायचा नाही."

"होय, मॅडम."

त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. रुमालाला अजून पॉलिशचा वास येत होता.