सातवे रीळ

रशीदभाई गेल्याचे त्यांच्या मुलीने, सलमाने, फोनवर सांगितले तेव्हा मला प्रथम वाटले ते दुःख नव्हते, सुटका होती... सहा आठवड्यांनी हे लिहितानाही संकोच होतो.

नांदुऱ्याच्या टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते, मी शाळामास्तर. तेथे तरुणपणी पाहिलेल्या एका चित्रपटाने मला पछाडले. एकाच दिवसात गुंफलेल्या चार कथा: कोर्टातला कारकून, सासर सोडून निघालेली मुलगी, बाळंतपणासाठी पायी निघालेली सुईण आणि तिने हात करूनही न थांबणारा ट्रकचालक. शेवटी चालक घरी बाळ उचलून घेतो, इतरांचेही धागे जुळतात. सुईण मात्र रस्त्यातच राहते. निवृत्तीनंतर पहिला लेख भीतभीत लिहिला, तो या अपूर्णतेच्या धाडसावर. रविवारच्या पुरवणीत छापून आल्यावर रशीदभाईंकडे नेला. त्यांची नजर अधू झालेली. सलमाने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले,

"सर, ते बाई पोहोचते. सातवं रीळ म्या कधी लावलंच नाई."

चित्रपट लांबलचक, संध्याकाळची पॅसेंजर चुकू नये म्हणून खेड्यांतले प्रेक्षक शेवट टाकून उठत. त्यांना शेवट दिसावा म्हणून रशीदभाई मधले एक रीळ गाळत. तेच का, असे मी विचारले.

"त्यात कोणी रडत नाई. नुसती चालते." मग हळूच म्हणाले, "हे लिहा तुमी, माह्या नावानं लिहा. बाईले रस्त्यात म्या सोडलं."

मी होकार दिला आणि लिहिले नाही. लोकांनी वाखाणलेला पहिलावहिला लेख आपल्याच हाताने खोडणे जमेना... पुढे त्यांच्या गल्लीतून जाणेही टाळू लागलो.

परवा भेटीस गेलो तेव्हा सलमाने मोबाइलवर तो चित्रपट पूर्ण दाखवला. सुईण पोहोचते ते घर त्याच ट्रकचालकाचे. तो दार उघडतो, ती त्याला ओळखते, हात धुते आणि आत जाते. शब्द एकही नाही. त्या एका दृश्याने चारही कथांचा अर्थ बदलतो. मी ज्याला धाडस म्हटले, ती केवळ रिकामी जागा होती.

कोपऱ्यात रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा होता. दर रविवारी अब्बा विचारायचे, आज सरांचे काही आले का, असे सलमा म्हणाली. नाही म्हटले की म्हणायचे, "लिहतीन ते." आणि पुरवणी रद्दीत टाकू द्यायचे नाहीत.

"आता देऊ का रद्दीत, काका?"

"अजून एक रविवार थांब," मी म्हणालो.