ताईच्या फोनवर आलेला कोड

चौकातल्या सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि कात्री चालवणारा माणूस एकच. त्यामुळे दारातून आत आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ऐकू येतं ते 'जरा थांबा, शेठ'. ऐकून ऐकून लोकांनी त्या माणसाचं नावच थांबाशेठ करून टाकलं. घाई हा प्रकार या गृहस्थाच्या अंगातच नाही. गाडी चुकेल म्हणून अर्ध्या दाढीवर उठू पाहणाऱ्याला त्याने खांदा दाबून परत बसवलं आहे. गाडी चुकली, पण दाढी नीट झाली, असं तो वर सगळ्यांना सांगतो.

दुकान भाड्याचं. ते आपल्या नावावर व्हावं एवढी एकच इच्छा धरून तो उभा जन्म आरशासमोर उभा राहिला. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, पण किराणा-औषधपाणी सोडलं तर बँकेतल्या त्या खात्याला त्याने हात लावला नाही. जागेचा मालक वर्षानुवर्षं 'बघू, बघू' करत होता, तो अखेर विकायला तयार झाला. पुढच्या आठवड्यात खरेदीखत व्हायचं होतं. थांबाशेठ इतका खुशीत होता की गिऱ्हाइकांना न विचारता डोक्याला मालिश करून द्यायचा.

अशात एका सकाळी शेजारचा औषधवाला खुर्चीत बसलेला, गालांना फेस लावून झालेला, आणि आरशापुढे ठेवलेला फोन टिणटिणला. ईमेल होता. दुकानाच्या परवान्यासाठी लागतो म्हणून कधीतरी काढून घेतलेला तो पत्ता, त्यावर एरवी चपलांच्या जाहिरातींखेरीज काही येत नसे. आज बँकेचं चिन्ह होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची माहिती अपूर्ण आहे. आज दुपारपर्यंत पूर्ण न केल्यास खाते गोठवण्यात येईल.' आणि त्याखाली एक निळं बटण.

खातं आत्ता गोठलं तर खरेदीखताला पैसे कुठून आणायचे? मालक पुन्हा 'बघू'वर गेला की संपलंच. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवणारा हा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा क्षणभर थांबला नाही. वस्तरा ठेवला, बटण दाबलं, खिशातून कार्ड काढलं.

"काय झालं?" औषधवाल्याने फेसातून विचारलं.

"बँकेचं काम आहे. तेवढे आकडे वाचा हो, माझा चष्मा घरी राहिलाय."

औषधवाला भला माणूस. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात त्याची हयात गेलेली. त्याने कार्डावरचा नंबर खणखणीत आवाजात वाचला, तारीख वाचली, मागचे तीन आकडेही वाचले. बाकावर बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्र खाली केलं, इतकं छान वाचलं. थांबाशेठने एकेक आकडा भरला, आपला मोबाइल नंबरही भरला. मग पडद्यावर आलं, 'तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर आलेला कोड येथे टाका.' बाजूला सेकंद उलटे पळायला लागले.

कोड येईना. थांबाशेठने फोन हलवून पाहिला, खिडकीपाशी नेला, बंद करून चालू करावा का असंही बाकावरच्या दोघांना विचारलं. मग एकदम त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळाला हात लावला. खातं उघडलं तेव्हा त्याच्याकडे मोबाइल नव्हता. बँकेतल्या माणसाने नंबर मागितला, तेव्हा त्याने ताईचा दिला होता. पुढे तो बदलायचा राहूनच गेला. पैसे भरायचे ते खिडकीवर, पासबुक छापून घ्यायचं ते खिडकीवर, मग कोडाची गरज पडलीच कुठे.

आणि ताईशी तर त्याचं बोलणं बंद होतं.

ताई त्याच्याहून मोठी, दोन गल्ल्या पलीकडे राहते. जिभेला धार वस्तऱ्यासारखी, फरक इतकाच की वस्तरा पुसून ठेवता येतो. मागे एकदा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना ती आली, याच्या हातून कुणाच्या तरी कानाला निसटती रेघ गेलेली तिने पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला दिसत नाही आता. डोळे दाखव, नाहीतर धंदा बंद कर." तिचं खोटं नव्हतं. पण दाढी करणाऱ्याला भर दुकानात असं म्हणणं म्हणजे त्याचं नाक कापणं. त्याने तिला दार दाखवलं. तिनेही मागे वळून पाहिलं नाही. पुढे त्याने गुपचूप डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, पण तिला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती बरोबर ठरली असती.

सेकंद पळत होते. थांबाशेठने अभिमान गिळला आणि फोन लावला.

"कोण गेलं?" पलीकडून पहिला प्रश्न.

"कुणी नाही गेलं. ताई, तुझ्या फोनवर माझ्या बँकेचा कोड आलाय. तेवढा सांग."

"आलाय. सांगणार नाही."

"अगं, घाई आहे."

"तुला? घाई?" ताई म्हणाली. "इथे लिहिलंय, कोड कुणालाही सांगू नका."

"मी काय कुणी आहे का? खातं माझंच आहे ना."

"आधी नीट ऐक. इथे लिहिलंय की हा कोड खरेदीसाठी आहे. कसल्यातरी दुकानाचं नाव आहे, वाचताही येत नाही मला. आणि रक्कम बघशील तर खातं झाडून पुसून रिकामं होईल. काय घेतोयस एवढं?"

"काही घेत नाहीये. खातं बंद पडू नये म्हणून बँकेने मागवलाय."

"खातं चालू ठेवायला बँक त्यातले सगळे पैसे काढून घेते होय? काहीतरी गडबड आहे. कार्डाच्या मागे बँकेचा फोन नंबर असतो, तिथे विचार. मी कोड देणार नाही, काय करायचं ते कर."

तिने फोन ठेवला. थांबाशेठ लालबुंद झाला. त्याला वाटलं, ही सूड उगवतेय. दुकान माझ्या नावावर होतंय, हेच हिला खुपतंय. ताईला त्यातलं काही ठाऊक तरी होतं का, हा विचार रागाच्या भरात त्याला शिवला नाही.

इतक्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, गोड आवाज.

"सर, बँकेतून बोलतोय. कोड मिळाला का?"

"जरा थांबा, शेठ," थांबाशेठ सवयीने म्हणाला. "कोड बहिणीच्या फोनवर आलाय, ती देत नाहीये."

पलीकडचा आवाज आणखी मऊ झाला. "सर, असं करा. त्यांना सांगा, तुम्ही दवाखान्यात आहात आणि लगेच पैसे भरायचे आहेत. बहीण आहे, लगेच देतील."

थांबाशेठ थबकला. बँकेने त्याला आजवर बरंच काही करायला लावलं होतं. रांगेत उभं केलं होतं, 'जेवणाची वेळ आहे' म्हणून परत पाठवलं होतं, सही जुळत नाही म्हणून एकाच कागदावर पुन्हा पुन्हा सही करायला लावली होती. पण बहिणीशी खोटं बोल, असं बँक कधी म्हणाली नव्हती. त्यातही असं खोटं, जे ऐकून ताई घरातल्या चपलांवरच धावत सुटली असती.

"तुम्ही कुठल्या बँकेतून बोलताय?" त्याने विचारलं.

गोडवा गेला. "सर, वेळ नाहीये. कोड द्या, नाहीतर नुकसान तुमचं."

थांबाशेठने फोन कापला. औषधवाल्याने त्याच्या हातून कार्ड घेतलं, उलटं केलं आणि मागचा नंबर वाचून दाखवला, या वेळी हळू आवाजात. त्या नंबरवर फोन उचलणाऱ्या बँकेच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कार्ड तिथल्या तिथे बंद केलं आणि सांगितलं, "पैसे काढायचा प्रयत्न झालाय, पण कोड मिळाला नाही म्हणून व्यवहार झालेला नाही. तुमची रक्कम आहे तशी आहे."

"आहे तशी?"

"आहे तशी."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते थांबाशेठला त्या दिवशी कळलं. तो रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला आणि आरशात स्वतःकडे बघत राहिला. औषधवाल्याच्या गालावरचा फेस वाळून पापड्या झाल्या होत्या. ते पाहून बाकावरचा एक जण हसला आणि सगळेच हसले, थांबाशेठ सर्वांत मोठ्याने.

औषधवाल्याची दाढी उरकून तो बँकेत पोहोचला, तर ताई आधीच तिथे बसलेली. पदराने वारा घेत होती. त्याला पाहून ती उठली नाही, नुसती पिशवी बाजूला करून जागा केली. तो बसला. टेबलापलीकडच्या बाईंनी त्याचा ईमेल उघडून दाखवला. वर नाव बँकेचं होतं, पण त्यावर बोट ठेवताच आतून भलताच पत्ता निघाला. "आम्ही ईमेलमधून कार्डाचा नंबर मागत नाही," त्या म्हणाल्या. "आणि कोड तर आम्हालासुद्धा सांगायचा नसतो."

"ऐकलंस?" ताई म्हणाली.

"ऐकलं."

बाई अर्ज आणायला आत गेल्या. थांबाशेठ खाली बघत म्हणाला, "ताई, डोळ्यांचं ऑपरेशन केलं मी."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बँकेने. कार्डाने पैसे भरलेस तसा मेसेज आला, इस्पितळाचं नाव होतं त्यात. दिवसभर खालच्या बाकावर बसून होते. तू शेजाऱ्याचा हात धरून बाहेर पडलास, पट्टी नीट बांधलेली दिसली, मग घरी गेले."

इतके दिवस आपण हिला काही कळू दिलं नाही म्हणून थांबाशेठ मनातल्या मनात ऐटीत होता. आणि ती महिन्याच्या महिन्याला त्याचा किराणा, त्याची औषधं, सगळं वाचत होती. त्याचे डोळे भरून आले. नव्या भिंगांनीही समोरचं टेबल नीट दिसेना.

"वर का नाही आलीस?"

"तू बोलावलं नव्हतंस."

बाई अर्ज घेऊन आल्या. "आता तुमचा स्वतःचा नंबर लावून घ्या," त्या म्हणाल्या. थांबाशेठने आपला नंबर लिहिला, सही केली, आणि चक्क ती पहिल्याच फटक्यात जुळली. ताई शेजारी बसून लिहिणाऱ्या पेनाकडे बघत होती.

"पुढच्या आठवड्यात दुकानाचं खरेदीखत आहे," तो म्हणाला. "साक्षीदार लागतो. तू ये."

ताईने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, घातला आणि विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"गुरुवारी. सकाळी."

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आता मला मेसेज यायचे नाहीत."