एक दिवसाआडची थंडी

आधीच सांगते... करणी, नजर, तळतळाट असलं मी काही मानत नाही. आधीही मानत नव्हते. महाडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, एवढाच माझा हिशेब. तरीही हे लिहितेय, कारण हे कुणाला तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी दहावीला होते. आमचं गाव पोलादपूरपासून एसटीने अर्ध्या तासावर, परीक्षेचं सेंटर पोलादपूरला. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी घरी येताना एसटीतच मला थंडी भरली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर मलेरिया. डॉक्टर म्हणाले, ताप एक दिवसाआड येईल, गोळ्या लागू पडायला दोन-तीन दिवस जातील. आणि आमचे पेपरही एक दिवसाआडच होते! म्हणजे भूमितीच्या दिवशी थंडी येणार, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

आईने मला बाबांचा स्वेटर घातला. गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद स्वेटरच्या खिशात ठेवला आणि गोळ्या कंपासपेटीत.

"पेपर सुटला की लगेच घे गो," ती गेटवर म्हणाली. "आणि थंडी वाजली तर सरांना सांग. माणसंच हायत ती पण."

अकराला पेपर सुरू झाला. वीस मिनिटांत दात वाजायला लागले. रेघ सरळ येईना, कंपासचं टोक कागदावर टेकेना. मी सरांना हाक मारली. दुसऱ्या शाळेचे होते, चाळिशीचे असतील. नाव लिहीत नाही.

"सर, मला मलेरिया आहे..."

"भूमितीच्या दिवशी सगळ्यांनाच मलेरिया होतो," ते म्हणाले. वर्ग हसला. "मार्चमध्ये स्वेटर? काढ तो."

मी काढला. त्यांनी सगळ्यांसमोर झटकला, तेव्हा खिशातला कागद खाली पडला. डॉक्टरांचं अक्षर कुणाला कळतंय! सरांनी मात्र लगेच ठरवलं की ती कॉपी आहे. उत्तरपत्रिका काढून घेतली, एका कागदावर माझा सीट नंबर लिहिला आणि केंद्रप्रमुखांना बोलवायला शिपायाला धाडलं. तोवर मला भिंतीशी उभं केलं. स्वेटर त्यांच्या टेबलावर. वर पंखा. मी हात जोडले, म्हटलं निदान स्वेटर तरी द्या. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

केंद्रप्रमुख आले तेव्हा बारा वाजले होते. "अहो सर, औषधाचा कागद आहे हा," एवढंच म्हणाले आणि गेले. सरांनी उत्तरपत्रिका माझ्या बाकावर टाकली. "वेळ वाढवून मिळणार नाही."

तेव्हा मी जे केलं ते सांगते. मी लिहायला लागले नाही. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि मनात, अगदी शब्द जुळवून म्हटलं — ही थंडी तुझ्या हाडात जाऊ दे. एक दिवसाआड येऊ दे. आणि कुणाचा विश्वास बसू नये.

पाच मिनिटंही झाली नसतील. मला दरदरून घाम फुटला, अंग हलकं झालं. समोर सर शर्टाचं वरचं बटण लावत होते. मग म्हणाले, "पंखा बंद करा रे." मग टेबलावरचा माझ्या बाबांचा स्वेटर ओढून त्यांनी खांद्यावर घेतला. आपण काय घेतोय ते त्यांना कळत तरी होतं की नाही, देव जाणे. पेपर सुटल्यावर मी स्वेटर मागायला गेले तर त्यांच्या मुठी उघडेनात. शेवटी शिपायाने सोडवून दिला.

माझा ताप पुन्हा आला नाही. त्यात मला काही नवल वाटत नाही, गोळ्या लागू पडल्या. पण विज्ञानाच्या पहिल्या पेपरला मी व्हरांड्यातून जाताना ते स्टाफरूममध्ये चादर गुंडाळून बसलेले दिसले. दुसऱ्या पेपरला आलेच नव्हते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू!

गणितात मी चार मार्कांनी नापास झाले. बाबा म्हणाले, बास झाली शाळा. वर्षभर बिरवाडीत मावशीच्या खोलीवर राहून कंपनीत पॅकिंगला गेले. तिथे उभ्या उभ्या रोज एकदा तरी त्यांना शाप दिला. पुढे पुन्हा बसले, पास झाले, लॅबचा कोर्स केला.

गेल्या मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास एक जोडपं लॅबमध्ये आलं. चाळीस अंशांचं ऊन, आणि माणसाच्या अंगात स्वेटर, वर शाल. मी लगेच ओळखलं. त्यांनी नाही.

"थंडी भरली असतानाच रक्त घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय," बायको म्हणाली. "एक दिवसाआड येते. नऊ वर्षं झाली. मुंबईला पण दाखवलं, सगळे म्हणतात मनाचं हाय."

मी थर्मामीटर लावला. एकशे तीन! थरथरणारा दंड धरून रक्त घेतलं. स्लाइड तीनदा पाहिली. काही नाही. एकही परजीवी नाही. ज्याला ताप म्हणायचा तो माझ्यासमोर खुर्ची हलवत होता, आणि काचेवर त्याचं काहीच कारण नव्हतं.

"कुणाचा तरी तळतळाट हाय म्हणतात," बायको हळूच म्हणाली. "यांना विचारलं, तर सांगतात एका पोरीला परीक्षेत थंडीत उभं केलं होतं. तिचं नाव नाय ठाऊक, गाव नाय ठाऊक. तीन वर्षं शोधतोय. पाय धरू म्हणतात तिचे."

सर वाजत्या दातांतून म्हणाले, "सीट नंबर आठवतो." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. सगळे आकडे बरोबर.

बायकोने माझा हात धरला. "बोर्डवाले नुसत्या नंबरावरून नाव देत नायत. ताई, तुम्ही इथल्याच ना? कुणी अशी पोरगी ऐकलीय का हो?"

मी रिपोर्ट प्रिंट केला, सही केली.

"नाही," म्हटलं.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी येतात. रक्त मीच घेते. हा ताप कसला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, एकाही डॉक्टरकडे नाही. नावाचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे... आणि ते मी अजून दिलेलं नाही.