तीन महिन्यांची साखर

"उपाशी हाय. पाण्याचा थेंब न्हाई." दारात चपला काढता काढता सुभेदार आधी हे सांगत आणि मगच खुर्चीवर बसून डावा हात पुढे करत. तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीला उपाशी यावं लागत नाही, हे मी दर खेपेला सांगत असे. "असू द्या. नियम जरा जास्त पाळला तर काय बिघडतंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मलकापुरात माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. निवृत्तीनंतरही मनानं परेडवरच असलेले फौजी तुम्हीही पाहिले असतील. आमचे सुभेदार तसे. पहाटे चालायचं, भाकरी दीडच खायची. मला ते 'डाक्टर' म्हणत. मी डॉक्टर नाही, नुसतं रक्त तपासतो, असं किती वेळा सांगितलं.

"सुई तुमच्या हातात, कागद तुमी देताय. मग डाक्टर आनि कोन?"

त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला, म्हणजे त्या मोठ्या कढईतला, गूळ ओतला की पहिला खडा मालकानं चाखायचा, अशी तिथली रीत. मधुमेह निघाल्यापासून सुभेदार तो गरम खडा नाकाशी नेत, डोळे मिटून वास घेत आणि गूळ रांधणाऱ्या गुळव्याला परत देत. एकदा मी समोरच होतो. "जमलाय," एवढंच म्हणाले.

मग हृदयविकाराचा झटका आला. साताऱ्याच्या दवाखान्यातून ते सुखरूप परतले, ते कोलेस्टेरॉलच्या आणि इतर गोळ्यांची पिशवी घेऊनच. पुढच्या तपासणीत साखर थोडी वर गेलेली दिसली. थोडीच, पण वर. त्या दिवशी त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही सोबत होत्या.

"गुऱ्हाळात बसून गूळ चाटायचा, आन् हितं उपाशी हाय म्हनायचं!"

"अगं, न्हाई खाल्ला गूळ."

"मग कागद खोटा हाय व्हय?"

सुभेदारांचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. "काकू, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काहींची साखर जराशी चढते," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण ही वाढ किरकोळ असते, त्या गोळीचा हृदयाला होणारा फायदा कितीतरी मोठा असतो, म्हणून ती सोडायची नसते, हे पुढचं सांगायच्या आत एक बाई रडतं मूल घेऊन आत आली. ते राहूनच गेलं.

"तुमीबी ह्यांच्याच पलटनीतलं," म्हणत काकू हसल्या. त्यांना काही ते पटलं नाही.

तीन महिन्यांनी आकडा खाली आला. सुभेदारांनी उभ्यानंच कागद वाचला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ती गोळी बंद केली हुती. आता कळंल तुमच्या काकूला, कोन खरं ते."

मी त्यांचं मनगटच धरलं. "अहो, ती हृदयासाठी आहे! सोडा असं कुणी सांगितलं?"

"तुमीच म्हनला हुता की, साखर चढती."

"सोडा म्हणालो नव्हतो."

"डाक्टर, माझा शबुद खोटा पडत हुता हो," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून, "बरं, आजपास्नं चालू करतो. शबुद दिला."

मी काकूंना फोन करायला हवा होता. केला नाही. सुभेदारांना घरात नुकतीच मिळालेली जीत मोडावीशी वाटली नाही.

शबुद दिल्यापासून पंधराव्या दिवशी सुभेदार गेले. शेतातून परत येऊन पडवीत टेकले, तेवढंच. गोळीत पडलेल्या खंडामुळे गेले असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही, असं त्यांचे डॉक्टर मला म्हणाले. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

महिन्याभरानं काकू पिशवी घेऊन आल्या. "ह्यांच्या गोळ्या. कुना गरिबाला उपेगी पडत्याल."

मी पिशवी उघडली. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती. एकच फोडलेलं. त्यातली चौदा घरं रिकामी होती.

"ह्ये तर येळच्या येळी घ्यायचं की. मग एवढ्या कशा उरल्या?"

"जास्तीच्या आणून ठेवल्या असतील," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तसंच आसंल," म्हणाल्या. मग, "गूळबी न्हवतं खात. मीच आपली…"

मी मान खाली घालून पाकिटं परत भरत राहिलो. काकू बाहेर जाऊन बाकावर बसल्या, अगदी कडेला, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.