कोपऱ्यातलं हळदीचं बोट

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. टेक्सासमधल्या शुगर लँड शहराजवळच्या एका पोलीस खात्यात मी फसवणुकीच्या गुन्ह्यांचा तपास करत असे. निवृत्तीपूर्वीचं ते माझं शेवटचं प्रकरण. रिपोर्टमध्ये मी एक गोष्ट गाळली. ती आज लिहितो.

त्या वेळी टेक्सासच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली गेली होती. धंद्यातली यंत्रं आणि माल यांवरच्या मालमत्ता करात मोठी सूट मिळणार होती. मतदान अजून व्हायचं होतं, म्हणजे सुटीसाठी अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ‘सूट हवी तर आत्ताच अर्ज करा’ असं सांगत एक कर सल्लागार छोट्या दुकानांतून फिरत होता.

खबर दिली चकल्या, पुरणपोळ्या करून विकणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना काकू म्हणतात, मी वहिनी म्हणतो. त्यांनी पोलीस ठाण्याच्या काउंटरवर कागद आपटला. “भाऊजी, मी सही केली टॅक्सच्या सुटीसाठी, आणि हे लोनवाले म्हणतात मी मशीन्स गहाण ठेवून लोन घेतलं!”

कर्जाच्या कागदावर त्यांची सही होती आणि खाली नोटरीचा शिक्का. नोटरी चाळिशीचा, नागपूरचा. कुरिअरचं छोटं दुकान चालवायचा, इथे नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही. मी दुकानात जाऊन त्याला चौकशीला बोलावलं. कॅमेरा सुरू केला, हक्क वाचून दाखवले.

“काका, झालं काय नेमकं?” त्याने विचारलं.

“इथे काका नाही. डिटेक्टिव्ह.”

त्याने कागद उलटसुलट पाहिला. “सर, शिक्का माझाच आहे, पण मी मारला तो कागद हा नाही. काकू कुठलाही फॉर्म देण्याआधी कोपऱ्यात हळदीचं बोट लावतात. मी दरवेळी सांगतो, काकू, गव्हर्नमेंट फॉर्म आहे, नका लावू. त्या म्हणतात, तू तुझा शिक्का मार, मी माझा मारते. यावर हळद कुठे आहे?”

“हळदीवर केस चालत नाही,” मी म्हणालो.

पुरावा अपुरा होता, म्हणून त्याला सोडलं. पण त्याच शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मी चारचौघांत म्हणालो, “त्या नोटरीकडे सध्या जाऊ नका.” तपास चालू असताना अधिकाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

चार दिवसांनी जबाब घ्यायला वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी फाइल पुढे केली. लायसन्स, विमा, भाडेकरार. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पिवळं बोट होतं.

मग मी त्या सल्लागाराच्या ऑफिसचं सर्च वॉरंट घेतलं. करातल्या सुटीचा मूळ अर्ज त्याच्या कपाटात सापडला, हळदीसकट. त्यावरची सही आणि शिक्का कॉम्प्युटरवर उचलून कर्जाच्या कागदावर चिकटवले होते. कर्जाचे पैसे आपणच लाटले, हे अर्ध्या तासात त्याने कबूल केलं.

त्याला मी आधीच का बोलावलं नाही? तो मंडळाच्या कमिटीवर होता, माझ्या शेजारी बसून जेवायचा. आणि नोटरीचं आडनाव ऐकलं, त्याच्या काउंटरवरची बुद्धाची मूर्ती पाहिली, तेव्हाच माझं मत ठरलं होतं. गाव सोडून चाळीस वर्षं झाली होती, पण ती नजर मी सोबत आणली होती.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, “कागदपत्रांच्या बारकाईच्या तपासणीतून उलगडा झाला.” खात्याने माझा सत्कार केला. नोटरीला निर्दोष असल्याचं एका ओळीचं पत्र गेलं. मंडळात मात्र मी काहीच बोललो नाही. लोक त्याच्याकडे जायचे थांबले ते थांबलेच. दुकान बंद करून तो दुसऱ्या शहरात गेला.

गेल्या महिन्यात वहिनींकडून नंबर घेऊन मी त्याला फोन केला, माफी मागितली.

“सर, फोनवर मला सांगून काय उपयोग?” तो शांतपणे म्हणाला. “मला तर माहीतच होतं. जिथे बोललात, तिथे सांगा.”

पोलिसाने संशय घ्यावा, पण सुरुवात स्वतःवर संशय घेण्यापासून करावी. हे मला नोकरीने शिकवलं नाही, त्या माणसाने शिकवलं.

म्हणून हा मजकूर मंडळाच्या अंकासाठी लिहिला आहे. त्या शनिवारी माझ्या पंगतीला जे होते, त्यांनी नीट वाचावं. तो गुन्हा मी उघडकीला आणला नाही. कागदावर हळद नाही, हे त्या नोटरीने पाहिलं होतं.