अढीच्या खोलीतला लाल दिवा

शेजारचे बागायतदार काका काहीही आधी नाकाला लावून बघतात. आंबा पिकला की नाही, हे ते अढीच्या, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकवायच्या, खोलीबाहेरूनच वासावर सांगतात. बिनखिडकीची ती खोली फोटो छापायला त्यांनीच मला दिली. "अर्ध्यात तुम्ही, अर्ध्यात माझे आंबे. काळोख दोघांना चालतो हो!" मी एन्लार्जर ठेवला, फोटो धुवायच्या औषधांचे ट्रे मांडले, लाल दिवा लावला.

एकदा ते आंबे बघायला आत आले आणि उजेडाने माझा फोटोचा कागद काळा पडला. मी ओरडलो, "काका, दार!" तेव्हापासून ते स्वतःच्याच दाराशी थांबून खोकतात. मी आत असलो की अढी तशीच राहते.

आज बाहेर आलो तर ते पायरीवर बसलेले.

"हाक मारायची ना!"

"आत्ताच बसलो हो. तुमचं काम चाललेलं."

काम केव्हाच संपलं होतं. मी आत गारव्यात स्वतःचे फोटो कौतुकाने बघत बसलो होतो.

आत जाऊन त्यांनी अढीवरचा पेंढा उचलला. खालचा थर नासला होता. त्यांच्या नाकाला हे बाहेर कळलं नसेल?

"यंदा उष्माच फार," म्हणत ते नासके आंबे टोपलीतून टाकून आले.

दार सताड उघडं होतं. तरी आत पाऊल टाकण्याआधी ते खोकले.